काका, काच आणि मायलेज

आमच्या काकांच्या गाडीत एसी दोनच प्रसंगी लागतो: पाहुणे बसले की, किंवा सिग्नलला शेजारी ओळखीची गाडी थांबली की. काचा बंद दिसल्या पाहिजेत, नाहीतर लोक म्हणायचे, परवडत नाही वाटतं! एक्स्प्रेसवेवर ओळखीचं कुणी नसतं. तिथे शंभरच्या वेगात चारही काचा खाली. मागे काकूंचा पदर तोंडावर, टोलची पावती हवेत, आणि काका खुशीत: "नैसर्गिक हवा! पेट्रोल वाचतं."

आता भौतिकशास्त्र काकांना विचारून चालत नाही, ही त्याची चूक. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि उघड्या काचा त्यात भरच घालतात. म्हणजे काचा उघडाव्यात त्या शहरातल्या रांगत्या रहदारीत आणि लावाव्यात त्या हायवेवर. काका दोन्हीकडे बरोबर उलटं करतात, तेही काटकसर म्हणून.

खंबाटकी घाटाच्या चढाला तर एसी बंद करणं हे कुळाचारात मोडतं. कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो हे खरंच. पण चढाला पूर्ण जोर लागला की अनेक गाड्या तो आपणहून बंद करतात, हे काकांना कोण सांगणार?

दरम्यान, नव्या मालट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला आहे. घाटात आता ट्रकवाला गारव्यात बसून धूर सोडेल आणि बारा लाखांच्या गाडीतले काका तो नैसर्गिक हवा म्हणून छातीत भरून घेतील.