शिक्का कुठाय?

मुलीकडच्यांनी पोह्यांची बशी पुढे केली. अण्णांनी ती पोह्यांसकट डोक्याच्या वर धरली, खिशातून भिंग काढलं आणि बशीच्या बुडाकडे बघत विचारलं, "शिक्का कुठाय?" पोहे नवऱ्यामुलाच्या नव्या पँटवर. स्थळ तरीही जमलं, कारण मुलीच्या घरी अडकित्ते जमवणारे एक मामा होते आणि त्या मंडळींना सवय होती.

असा एक जण प्रत्येकाच्या नात्यात असतोच. अण्णा जमवतात नक्षीकाम केलेली जुनी फ्रेंच रिव्हॉल्व्हरं. तीही सोलापुरात, जिथं पाहुण्यापुढे शेंगाचटणी ठेवायची आणि जाताना हातात चादर द्यायची, एवढीच रीत आहे.

संग्रह दीड नगांचा आहे. एक गंजून जाम झालेलं. अर्धं म्हणजे नुसता सांगाडा: नळी नाही, चक्र नाही, घोडा नाही, मूठ तेवढी शाबूत. "लायसन्स आहे का?" असं कुणी विचारलं की त्याचा तास गेला. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे. अट एकच, ते दुरुस्त न करता तर नाहीच, पण दुरुस्त करूनही चालता कामा नये. हे शेवटचं वाक्य अण्णा दोनदा म्हणतात. "यांचे गुडघे त्याच कलमात बसतात," हे काकूंचं मत.

या वेडाचा मूळपुरुष लफोशो. बापाने, म्हणजे कासिमीरने, काडतुसाच्या कडेला एक टाचणी बसवली. घोडा टाचणीवर आपटला की बार. मुलाने, युजेनने, १८५४ साली त्यावर रिव्हॉल्व्हर काढलं आणि १८५८ साली ते फ्रेंच नौदलात गेलं. काकूंच्या जिभेला हे नाव कधी वळलं नाही. "यांचं लफडं कपाटात असतंय, तिकडं झाडू नको," असं त्यांनी नव्या कामवालीला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली नाही.

२०१६ साली पॅरिसच्या लिलावात लफोशोचं एक रिव्हॉल्व्हर ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना गेलं. १८७३ साली ब्रसेल्समध्ये व्हर्लेन या कवीने ते रँबो या कवीवर झाडलं होतं. अण्णांनी ही बातमी गल्लीभर वाचून दाखवली. "आपले कवी परवडले, नुसते ऐकवतात," काकू म्हणाल्या.

जाम झालेला नग हैदराबादचा. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं, निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच सरदाराच्या, मूसा रेमूंच्या कमरेचा आहे. रेमूं वारला १७९८ साली, लफोशोचं रिव्हॉल्व्हर त्यानंतर ५६ वर्षांनी आलं. अण्णांना हे ठाऊक होतं, तरी घेतलं. घरी येऊन भिंग लावलं, तर गंजाखाली शिक्का निघाला: अंडाकृती चौकटीत ई, एल, जी आणि एक तारा. ही बेल्जियममधल्या लिएजची चाचणीची मोहर. वर मुकुट नाही, म्हणजे माल १८९३च्या आधीचा. जुना खरा, पण फ्रेंच नव्हे. सोलापुरी म्हणून भलत्याच गावची चादर गळ्यात पडावी, तसं झालं. अण्णा दोन दिवस धड जेवले नाहीत.

तेव्हापासून भिंगाला जास्तच धार चढली. अक्कलकोटला लोक स्वामींच्या दर्शनाला जातात. अण्णा आधी राजवाड्यातल्या शस्त्रागारात जातात आणि काचेवर नाकाचा ठसा ठेवून येतात. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपवर त्यांनी शिक्का शोधलाय. पुतणीच्या लग्नात आहेरातल्या कळशीला भिंग लावलं आणि "यास सप्रेम भेट"च्या खाली घासून काढलेलं दुसरंच नाव मांडवात मोठ्याने वाचलं. कळशी तिसऱ्या लग्नातून फिरत आली होती. ते दोन पाहुणे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

आता नाइलाजाने एक गोष्ट सांगायला हवी. अण्णांनी आयुष्यात गोळी झाडलेली नाही. दिवाळीत लवंगीलासुद्धा कानात बोटं घालतात. त्यांची ३२ वर्षं चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढण्यात गेली. चौकटींच्या कागदावर फूल भरायचं, त्या हिशेबाने पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची माळ जॅकार्डवर चढवायची, की मागावर मोर उतरायला लागतो. हे जॅकार्ड मूळचं ल्यों शहरातलं, १८०४च्या सुमाराचं. ल्योंजवळच सेंत-एत्येन आहे. तिथं एकीकडे सरकारी शस्त्रांचा कारखाना होता आणि दुसरीकडे जॅकार्डवर विणलेल्या रिबिनी. तिथल्या संग्रहालयात आजही बंदुका आणि रिबिनी एकाच छपराखाली मांडलेल्या आहेत. हे वाचलं त्या दिवशी अण्णा म्हणाले, "आपलंच गाव की बे ते!"

त्या अर्ध्या रिव्हॉल्व्हरच्या कुशीवर एक वेल आहे. पान आत वळतं आणि टोकाशी कारागिराच्या कलमाचे तीन बारीक काप. अण्णांनी कागद ठेवून पेन्सिलीने तिचा ठसा घेतला आणि रात्री जागून ग्राफ भरला. वळणाच्या जागी चौकटींच्या पायऱ्या, तीन कापांना तीन टाके. पण मालकाला गिऱ्हाईक मोराचं हवं होतं, ग्राफ तसाच पडून राहिला. पुढे ग्राफ संगणकावर गेले. तरी एका कारागिराने मैत्रीखातर त्या वेलीची एक चादर काढून दिली. एकच.

पोह्यांचा डाग अंगावर घेऊन लग्न केलेला तो भाचा एकदा ही चादर बघायला बसला. सूड म्हणून त्याने भिंग मागून घेतलं, चारही कोपरे उलटे केले आणि विचारलं, "शिक्का कुठाय, अण्णा?"

अण्णांनी भिंग परत घेतलं. धोतराच्या सोग्याला पुसलं, पुन्हा पुसलं. "ग्राफवाल्याचा शिक्का कुठं असतोय बे," म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.

एरवी ते दीड नग त्याच चादरीत गुंडाळलेले असतात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत थंडी वाढली की काकू चादर ओढून घेतात. मग लफडं महिनाभर शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात झोपतं.