झुंबरवाल्या देशाची चलाखी

आपल्याकडे काचेची वस्तू घरात आली की आधी तिच्या जिवाची काळजी सुरू होते. ती शोकेसच्या वरच्या फळीवर चढते आणि पाहुण्यांच्या पोरांनी हात लावू नये म्हणून तिच्यापुढे आणखी एक काच सरकते. अशा नाजूक प्रकृतीच्या पदार्थातून माणसाएवढी, भिंतीएवढी शिल्पं करायचा ध्यास चेकोस्लोव्हाकियातल्या एका जोडप्याने घेतला होता.

स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की चित्रकार आणि यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा शिल्पकार. गाव झेलेझ्नी ब्रॉद. तिथे काचकामाची रीतसर शाळा आहे. ती उभारणाऱ्यांत ब्रिख्तोव्हाबाईंचे वडीलही होते. लिबेन्स्कींनी कागदावर माणसाच्या डोक्याच्या आकाराचा एक वाडगा काढला, बाईंनी तो पाहिला आणि काचेत करून दाखवला. लग्न पुढे 1963 मध्ये झालं. म्हणजे आधी भट्टी पेटली, मग चूल.

काळ कम्युनिस्ट राजवटीचा. चित्रकाराने कॅनव्हासवर अर्थ न लागणारे त्रिकोण काढले की साहेबांच्या भुवया वर! शिल्पातल्या कामगाराचे दंड फुगलेलेच हवेत. काचेचं मात्र कुणाला काही वाटत नसे. काच म्हणजे पेले, फुलदाण्या, झुंबरं. बोहेमिया या त्यांच्या प्रांताची शतकांची कीर्ती, शिवाय परकीय चलन आणणारा गुणी धंदा. त्यात कोण विचारसरणी तपासणार? मग चित्रांत न खपणारे त्रिकोण काचेत शिरले आणि सरकारनेच ते खर्च करून 1958 मध्ये ब्रुसेल्सच्या, 1967 मध्ये माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात मिरवले. आरपार दिसणाऱ्या वस्तूत दडून बसण्याची ही युक्ती मला फार आवडते.

यांची काच फुंकलेली नव्हे, साच्यातली. मातीचं शिल्प, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात काचेचे तुकडे, आणि सगळं भट्टीत. काच वितळून कोपऱ्याकोपऱ्यात शिरते. खरी परीक्षा पुढेच. मोठं शिल्प निवायला आठवडेच्या आठवडे लागतात. घाई केली तर आतला ताण एके दिवशी तडा होऊन बाहेर येतो. रंगाची गंमत तर आणखीच. सगळी काच एकाच रंगाची, पण कोऱ्या चहासारखी: पातळ जागी फिकी, जाड जागी गडद. त्यामुळे हे दोघे शिल्प पाठीमागून कोरत. समोरून गुळगुळीत पृष्ठभाग, आणि आत कुठेतरी उजेडाचा चेहरा. हात लावायला जावं तर तिथे काहीच नसतं.

1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. 1970 च्या ओसाका प्रदर्शनासाठी या जोडप्याने ‘जीवनाची नदी’ नावाची काचेची प्रचंड लाट केली. तिच्यात सैनिकी बुटांचे ठसे होते. या खेपेला मात्र साहेबांनी काच नीट निरखली आणि ठसे घासून काढायला लावले.

तरी 1983 मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा नवा रंगमंच उघडला, तेव्हा त्याचा काचेच्या ठोकळ्यांचा दर्शनी भाग लिबेन्स्कींचाच होता. मला तो दर्शनी भाग, खरं सांगायचं तर, जरा ठोकळेबाजच वाटतो. पण काचेचं काम काढायचं आणि या माणसाला वगळायचं, हे त्या सरकारलाही जमलं नाही.