कुलकर्ण्यांच्या मागे

वाचनालयाच्या दप्तरखान्याची सूची ‘ॲटम’ नावाच्या संगणक-प्रणालीत चढवायचे ठरले, तेव्हा ‘सेटिंगचे मी बघतो’ म्हणणारा मी एकटाच निघालो. समितीला वाटले, केवढी ही सेवावृत्ती! माझे आडनाव क्षीरसागर आहे, हे कोणी ध्यानातच घेतले नाही.

मराठी शाळेत ‘क्ष’वाल्याचा जन्म हजेरीपटाच्या तळाशी जातो. लस टोचायला शेवटी, म्हणजे सुई बोथट झाल्यावर. तोंडी परीक्षेला शेवटी, म्हणजे गुरुजी वैतागल्यावर. खाऊवाटपात माझ्यापर्यंत पेढा यायचा तो कागदाला चिकटलेला भुगा होऊन. ‘ज्ञ’ने सुरू होणाऱ्या आडनावाचा एखादा मुलगा वर्गात येईल आणि निदान माझ्या मागे उभा राहील, या आशेवर मी सातवीपर्यंत काढली. पण वडिलांची बदली होऊन जो कोणी नवा मुलगा यायचा, तो निघायचा कुलकर्णी.

आणि मग संगणकाने मला न्याय दिला. युनिकोडात ‘क्ष’ हे वेगळे अक्षरच नाही. क, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ष, अशी ती तिघांची भागीदारी आहे. म्हणजे क्षीरसागर थेट ‘क’त! (‘ळ’नेही ‘ह’नंतरची वडिलोपार्जित जागा सोडून ‘ल’शेजारी बिऱ्हाड केले आहे. त्याचे त्याला लखलाभ.) आनंद चहा निवेपर्यंत टिकला. पाय मोडण्याच्या चिन्हाचा नंबर सगळ्या काना-मात्रा-वेलांट्यांनंतर लागतो. तेव्हा कानडे, किर्लोस्कर, कुलकर्णी, कोल्हटकर असा अख्खा ‘क’ ओसरला की मग मी.

पण ॲटममध्ये यादीचा क्रम लावायच्या सेटिंगा दोन असतात : लॉगिन केलेल्यांसाठी एक, पाहुण्यांसाठी एक. पाहुण्यांना अकारविल्हे ठेवली. आमच्यासाठी निवडले ‘शेवटचा बदल’, म्हणजे ज्या नोंदीला ताजा हात लागला ती वर. वाचनालयाला मी आमच्या घरचा कागदसंग्रह दिला आहे. नाव वडिलांचे, पण ऐवज बव्हंशी माझा. संपादकांची ‘साभार परत’ची पत्रे त्यात तारीखवार लावलेली सापडतील. त्या नोंदीत एक स्वल्पविराम घालून जतन केले की संग्रह अव्वल. दुसऱ्या दिवशी तो काढला की पुन्हा अव्वल. मोठ्या ऐटीत हिला म्हटले, बघ तुझ्या मोबाइलवर.

“इथे तर अभ्यंकर आहेत. तुम्ही कुठे?”

ही पाहुणी. लॉगिन माझे.

त्याच सुमारास एक आजी आईची पत्रे शोधत आल्या. ॲटम यादी उघडून देतो तेव्हा आपणहून फक्त वरचा स्तर दाखवतो, म्हणजे अख्खे संग्रह. मालिका, धारिका, सुटा कागद पाहायला ‘सर्व नोंदी’ निवडावे लागते. संग्रहाला नाव घरच्या कर्त्या पुरुषाचे. आजींनी आईचे नाव टाइप केले, निकाल शून्य. शेवटी ‘माहेर’ शब्द टाकला तेव्हा धारिकेच्या पोटातून नोंद निघाली : ‘सौ.चे माहेरास पत्र’. सौ. कोणाची, ते वरच्या पायरीवर ठळक. सौ. कोण, ते कुठेच नाही. पत्र काढून पाहिले. जांभळी शाई, समासात आडव्या दोन ओळी : मुलीचा खोकला हटत नाही, अडुळसा मिळाल्यास धाडणे.

“ती खोकणारी मी,” आजी म्हणाल्या.

मला राग आला तो आजही आहे. अकारविल्हे लावा, तारखेने लावा, नाहीतर समर्पकतेने लावा; जे नाव कोणी लिहिलेच नाही, ते कुठल्या सेटिंगने वर येणार? आणि अशा ‘सौ.’ दप्तरात किती पडल्या आहेत, हेही शोधून सापडत नाही, कारण शोधायचे कशाने?

आजींकडून नाव विचारून घेतले, माहेरचेही. दोन्ही नोंदीत घातली आणि जतन केले. ‘सर्व नोंदी’त ती पहिली आली, आमचा संग्रह दुसरा. स्वल्पविरामाला हात शिवशिवत होता, खोटे कशाला सांगू?

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. त्यांच्या आजोबांचा संग्रह त्यांच्या सुनेला शेवटच्या पानावर दिसतो. अध्यक्षांचे आडनाव हुद्दार.

“साहेब, अकारविल्हे आहे,” मी म्हणालो, “त्यात आपण काय करणार?”