‘हाव’मीमांसा, अर्थात मूर्तिजापुरी चॅटबॉटचा स्वभाव

पुण्याला हिंजवडीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने पोळ्याच्या सुमारास मला एक तक्ता पाठवला. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मोबाइलवर उत्तरे देणारा चॅटबॉट त्याची कंपनी बनवत होती. त्याला ‘वऱ्हाडी टच’ देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी मूर्तिजापुरात राहतो आणि सेवानिवृत्त आहे. तक्त्याच्या डाव्या रकान्यात ‘वापरकर्ता काय म्हणेल’, उजव्यात ‘बॉट काय म्हणेल’, आणि सोबत पानभर स्वभावपत्र. वय: २८. स्वभाव: उत्साही, मदतशील, विनम्र, किंचित मिश्किल. कधीही नाराज होत नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोन सेकंदांत देतो.

या वर्णनाचा मनुष्य मूर्तिजापुरात आढळला तर तो विमा विकायला आलेला असतो, नाहीतर निवडणुकीला उभा असतो. दोन्ही प्रसंगी लोक त्याला चहा पाजतात आणि त्याच्या बोलण्यावर काडीचा विश्वास ठेवत नाहीत. कंपनीचे लाखो रुपये वाचावेत, या निरपेक्ष बुद्धीने प्रस्तुत लेखकाने पुढील संशोधन केले. कंपनीने त्याची पोचही दिलेली नाही.

शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वसूरींना वंदन करावे. चॅटबॉटचे मूळ अमेरिकेत शोधण्याची लोकांना फार घाई. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपुरात, तेराव्या शतकातच महानुभाव पंथातल्या म्हाइंभटाने हे काम हाती घेतले होते. चक्रधरस्वामींना कोणी काय विचारले आणि स्वामी काय म्हणाले, हे ऐकणाऱ्यांकडे जाऊन जाऊन विचारत त्याने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे आजच्या भाषेत संभाषणांचा डेटा. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर दोन्ही पाठ राखायचे, ही शिस्तही महानुभावांचीच. आजची यंत्रे दोन्ही पाठ खलबत्त्यात घालतात आणि तिसराच काढतात. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. बॅकअप कशाला म्हणतात हे मी भाच्याला इथूनच समजावले. त्याने ‘इंटरेस्टिंग, मामा’ असे उत्तर पाठवले. म्हणजे वाचले नव्हते.

दुसरे पूर्वसूरी जोसेफ वायझेनबाउम. एमआयटीतल्या या प्राध्यापकांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम जगापुढे मांडला. मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग घेतलेल्या या प्रोग्रामला कशातले काही कळत नसे. समोरच्याच्याच वाक्यातला शब्द उचलायचा आणि त्याचा प्रश्न करून त्यालाच परत द्यायचा, एवढीच त्याची विद्या. तरीही खुद्द वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने, ज्या बाईने हे काम जवळून पाहिले होते तिने, यंत्राशी चार वाक्ये बोलल्यावर साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. तिला खाजगी बोलायचे होते.

वऱ्हाडात ही सगळी विद्या एका शब्दात मावते. तो शब्द ‘काऊन’, म्हणजे ‘का?’ स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सहापासून हा प्रयोग चालू असतो.

‘आज जिवावरच आलं बुवा.’

‘काऊन?’

‘पोट्टं ऐकून नाई राह्यलं.’

‘काऊन?’

‘मोटरसायकल पाह्यजे म्हंते.’

‘काऊन?’

तिसऱ्या काऊनला माणूस मोकळा होतो, चौथ्याला रडतो, पाचव्याला दोघांच्या चहाचे पैसे देतो. विचारणाऱ्याचे लक्ष तोवर पेपरात असते. एलायझाला याहून जास्त काही येत नव्हते. फरक इतकाच की टपरीवर कोणाला खोलीबाहेर जा म्हणायला खोलीच नाही.

एलायझा हे नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या फुलविक्या पोरीचे. मराठीत तीच पुलंची ‘ती फुलराणी’, १९७५ सालची. म्हणजे ज्या चॅटबॉटला सगळे आद्य मानतात त्याचे नाव अशा मुलीवरून पडले, जिची बोली एका प्राध्यापकाने खरवडून काढली. माझ्यापुढचे काम बरोबर उलटे. पुण्याहून कडक इस्त्री होऊन आलेले यंत्र मला चुरगळायचे होते.

कंपनीने आपल्या परीने सुरुवात केलेली होती. ‘मला’चे ‘मले’, ‘तुला’चे ‘तुले’ केले, ‘ळ’च्या जागी ‘य’ घातला आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बाप्पा’ चिकटवला. ‘आपला अर्ज नामंजूर झाला आहे बाप्पा.’ हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, परंपराच तशी आहे. ग्रिअर्सनसाहेबांनी भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाडीची दखल घेतली. बोलींचे नमुने गोळा करताना त्यांनी जिकडेतिकडे एकच गोष्ट पाठवली होती: बापाची इस्टेट उडवून घरी परतलेल्या पोराची, बायबलातली. मजकूर एक, बोली अनेक. वऱ्हाडी माणूस मुळात काय बोलतो, यापेक्षा दुसऱ्याचे म्हणणे वऱ्हाडीत कसे दिसते याची उत्सुकता साहेबाला होती. तीच आता हिंजवडीला आहे.

वऱ्हाडी माणूस मुळात ‘हाव’ बोलतो. हा शब्द होकारार्थी आहे असा एक गैरसमज तक्त्यात ठळक अक्षरांत छापलेला होता: ‘वापरकर्त्याने हाव म्हटल्यास पुढील पायरीवर जावे.’ इथे जरा थांबले पाहिजे. आखूड ‘हाव’ हा होकार खरा, पण तो दुर्मीळ आणि बहुधा जेवायला बोलावले तरच ऐकू येतो. लांबवलेला ‘हाऽऽव’ म्हणजे तुमचा आवाज पोचतो आहे, मजकूर पोचत नाही. ‘हाव का?’ ही शंका नाही. ही बातमी मला कालच कळली होती पण तुमचा हिरमोड करत नाही, असे सौजन्य. ‘हाव न!’ म्हणजे किती वेळा सांगता. ‘हाव बाप्पा’ ही शरणागती. ती फक्त बायकोपुढे आणि तलाठ्यापुढे होते.

सर्वांत घातक तो जोडीचा ‘हाव हाव’. व्याकरणात दोन नकारांचा होकार होतो, हे शाळेत शिकवतात. दोन होकारांचा नकार होतो, हे आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत कळते. मुलाकडचे ‘हाव हाव, कयवतो’ म्हणाले की मुलीच्या बापाने दुसरे स्थळ पाहायला लागावे. यंत्र मात्र दोन हाव ऐकून दोन पायऱ्या पुढे गेले. चाचणीत माझ्या एका स्नेह्याने ‘पीक विमा काढायचा का?’ या प्रश्नाला ‘हाव हाव’ म्हटले, आणि यंत्राने आधार क्रमांक मागितला. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता प्रबंधाचा गाभा, म्हणजे उत्तराचा वेळ. दोन सेकंदांत उत्तर ही पुण्यात कार्यक्षमता असेल. मूर्तिजापुरात तो उद्धटपणा आहे. आमचा वेग ठरवला तो शकुंतला नावाच्या आगगाडीने. २ फूट ६ इंचांचा रूळ, एका अंगाला ११३ किलोमीटरवर यवतमाळ, दुसऱ्या अंगाला ७६ किलोमीटरवर अचलपूर, आणि मध्ये आमचे जंक्शन. मँचेस्टरात १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होते, मग डिझेल आले, आणि आता गाडीच बंद आहे. पण तिच्यात बसून बोलायला शिकलेली पिढी अजून हयात आहे. समोरच्या बाकावरच्या माणसाला पहिल्याच दमात मुद्द्याचे सांगून टाकले, तर उरलेले शंभर किलोमीटर काय करायचे? तिथे संभाषणाची सुरुवात ठरलेली असे: ‘कोन्या गावचे तुमी?’

हा प्रश्न स्वभावपत्रात ‘अनावश्यक वैयक्तिक चौकशी, टाळावी’ या सदरात पडला होता. मीही आयुष्यभर याला रिकामटेकडेपणाच समजत आलो. तक्ता भरताना मात्र माझा मलाच धडा मिळाला. आमच्या तालुक्यात खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. विहीर खणली तरी पिकाला उपयोग नाही. म्हणजे माणसाने गावाचे नाव सांगितले की त्याच्या वावराचे पाणी कळले, पाण्यावरून पीक कळले, पिकावरून कर्ज कळले, आणि या वर्षी मुलीचे लग्न होणार की पुढच्या, तेही कळले. एका प्रश्नात माती परीक्षणाचा अहवाल. मग कोणता सल्ला द्यायचा आणि कोणता गिळायचा, हे ठरवायला सुपारी कातरण्याइतका अवधी लागतो. त्या अवधीला कंपनी ‘लॅग’ म्हणते.

प्रश्न विचारण्याची ही पद्धत पूर्णत्वाला नेणारा पुरुषही याच तालुक्यात वाढला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला मामाच्या घरी गेले. गुरे राखली, वावरात राबले. त्यांच्या कीर्तनाचा सगळा डोलारा प्रश्नांवर उभा असे. बाबा विचारायचे, हजारोंचा जमाव ओरडून उत्तर द्यायचा, आणि त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. लोक आपल्याच तोंडाने आपल्याच खुळ्या समजुती मोडून घरी जात. मी तक्त्याच्या तळाशी लिहिले: ‘आदर्श नमुना: गाडगेबाबा. हातात मोबाइलऐवजी खराटा.’ भाच्याने कळवले की खराटा इमोजीत सापडला, पण तो साफसफाईच्या सेवेसाठी राखून ठेवला आहे.

पूर्वपक्ष असा येईल की शेतकऱ्याला गप्पा नकोत, माहिती हवी. २००४ सालापासून किसान कॉल सेंटर चालू आहे, २०२३ पासून किसान ई-मित्र आहे, २०२५ मध्ये राज्य सरकारचे महाविस्तार ॲप आले. लोक विचारतात, उत्तर घेतात, कामाला लागतात. मान्य. उत्तरपक्षासाठी मी दिवाळीला भाचा आला तेव्हा झालेली चाचणी सादर करतो.

टपरीवर आमच्या ओळखीचे एक आबा बसले होते. पांढरे धोतर, खिशात तंबाखूची चंची, आणि सात एकर कपाशीत गुलाबी बोंडअळी. भाच्याने मोबाइल पुढे केला. आबा त्यात वाकून, एखाद्या बहिऱ्याशी बोलावे तसे, ओरडले, ‘बोंडात अई हाय!’ यंत्राला ‘अई’ कळली, हे श्रेय माझे. दीड सेकंदात उत्तर आले: हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा, सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग सापडले तर फवारणीचा निर्णय घ्या. उत्तर अक्षर न् अक्षर बरोबर होते. आबांनी ते पूर्ण ऐकले आणि भाच्याकडे पाहिले.

‘यानं मायं वावर पाह्यलं का?’

‘नाही, आबा.’

‘मंग याले कसं मालूम?’

भाच्याने समजावले की यात सगळी माहिती भरलेली आहे. आबा म्हणाले, ‘हाव हाव.’ आणि मोबाइल परत दिला.

त्या रात्री मामा-भाचे बारापर्यंत जागले. संक्रांतीला भाचा सुधारलेला नमुना घेऊन आला. कपाशी तोवर उपटून झाली होती, पण आबा होते, टपरी होती. या खेपेला आबांनी हरभऱ्याचे विचारले. यंत्र गप्प राहिले. पूर्ण सहा सेकंद. मोबाइल बंद पडला असे वाटून भाच्याने हात पुढे केला, तेवढ्यात आतून आवाज आला:

‘कोन्या गावचे तुमी?’

आबा सरळ होऊन बसले. टोपी नीट केली. गाव सांगितले.

‘म्हंजे खारपानपट्ट्यातले. मंग कोरडवाहूच असन?’

‘कोरडवाहूच न बाप्पा! हिरीचं पानी तोंडात धरवत नाई.’

‘पेरा कईचा?’

आबांनी पेरणीची तारीख सांगितली, बियाणे कोणाकडून उसने आणले ते सांगितले, ते देताना त्या माणसाने काय टोमणा मारला तेही सांगितले. यंत्राने मधूनच एकदा ‘काऊन?’ केले, आणि त्यावर बारा मिनिटे गेली. हरभऱ्याचे उत्तर कधी मिळाले ते मला कळलेही नाही, पण मिळाले असावे, कारण आबांनी समाधानाने मान हलवली, काठी घेतली आणि रीतीप्रमाणे मोबाइलकडे पाहून म्हणाले, ‘बरं, येतो मंग.’

या वाक्याचे उत्तर ‘बरं, येजो’ असे असते. उठणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, हे तक्त्यात लिहायचे माझ्याकडून राहून गेले होते. यंत्राला ‘येतो’चा कोशातला अर्थ ठाऊक होता. पाहुणा येतो आहे.

‘या या, बसा!’ ते म्हणाले. ‘काय म्हंता? कोन्या गावचे तुमी?’

आबा दोन क्षण उभे राहिले. मग काठी बाकाला टेकवून बसले आणि टपरीवाल्याला खूण केली, अजून तीन अर्धे.