भाड्याच्या खोलीत तिजोरी

बिटकॉइनचा नोड उभा करायला हल्ली एक ओळ पुरते. डॉकरला आज्ञा दिली की कंटेनर सुरू, आणि ३ जानेवारी २००९च्या पहिल्या ब्लॉकपासूनची अख्खी साखळी मशीनवर उतरू लागते. सहाशे जीबीहून जास्त माल. साध्या हार्डडिस्कवर दिवसच्या दिवस जातात. मग नवी आवृत्ती येते, जुना कंटेनर काढून नवा लावला जातो, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून.

याला अपघात म्हणायला मी तयार नाही. कंटेनर असतोच टाकून देण्यासाठी. त्याच्या आत लिहिलेलं त्याच्यासोबत जाणार. डेटासाठी बाहेर व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनर गेला तरी टिकणारी साठवण हवी, त्याला नाव हवं, आणि प्रोग्रॅम खरोखर ज्या फोल्डरमध्ये लिहितो तिथेच तो जोडलेला हवा. एका अक्षराने मार्ग चुकला तर व्हॉल्यूम रिकामा राहतो, आणि नोड मात्र काहीही कुरकुर न करता चालू असतो!

तरीही साखळी गेल्याचं मला फार दुःख नाही. ती जगभर हजारो नोडांवर आहे, पुन्हा मिळेल. वॉलेटची फाईल मात्र तुमच्याशिवाय कुणाकडेच नसते, आणि नोड चालवणारा प्रोग्रॅम, बिटकॉइन कोअर, ती त्याच डेटा फोल्डरमध्ये ठेवतो. ‘डॉकर कंपोज डाउन’पुढे नुसता ‘-व्ही’ लागला की नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे.

इथेरियमचा व्हॅलिडेटर याहून नाजूक. आपण कशाकशावर सही केली याची नोंद तो ठेवतो. सहीची किल्ली शाबूत राहिली आणि नोंद गेली, तर घाईने सुरू केलेला व्हॅलिडेटर पूर्वीच्या सहीशी विसंगत सही करू शकतो. मग गहाण टाकलेल्या ईथरमधून दंड कापला जातो आणि त्याची हकालपट्टी होते.

नोड बंद करतानाही सबुरी लागते. थांबायला सांगून डॉकर एरवी दहा सेकंद वाट बघतं आणि प्रक्रिया ठार करतं. मेमरीतला हिशेब डिस्कवर उतरवायला बिटकॉइनला बराच जास्त वेळ लागू शकतो. डॉकरची ही मुदत दहा मिनिटांची करा.

आज वॉलेटची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. मग नोड नीट थांबवा, कंटेनर मुद्दाम काढून टाका आणि परत लावा. ब्लॉकचा आकडा होता तिथूनच पुढे सरकतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.