डावी बाही की उजवी?

युरोपच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तकाबद्दल वाचकाचे मत बहुधा पुस्तक उघडण्याआधीच तयार असते. पुढची हजार पाने त्या मताला दुजोरा द्यायला असतात. दुजोरा मिळाला की लेखक ‘निःपक्षपाती’ ठरतो, नाही मिळाला की ‘पूर्वग्रहदूषित’.

अभिप्रायाचा सर्वांत जुना निकष म्हणजे जाडी. एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास 1776 ते 1788 या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केला. त्यातला एक खंड भेट मिळाल्यावर ब्रिटिश राजघराण्यातल्या एका ड्यूकसाहेबांनी ‘आला आणखी एक ठोकळा’ अशा अर्थाचे उद्गार काढले, अशी आख्यायिका आहे. न वाचता दिलेला असला तरी हा अभिप्राय प्रामाणिक होता. नंतरच्या पुष्कळ अभिप्रायांबद्दल तेवढेही म्हणता येत नाही. पहिला खंड काही दिवसांतच संपला. बोभाटा झाला तो मात्र त्यातल्या शेवटच्या दोन प्रकरणांचा. ख्रिस्ती धर्म कसा पसरला हे गिबनने त्यांत चमत्कारांची मदत न घेता सांगितले होते. सम्राट, फौजा, करवसुली यांबद्दल कोणाची फारशी तक्रार नव्हती. पाद्र्यांनी पत्रके काढून तळटीपांवर संशय घेतला आणि 1779 मध्ये गिबनला तळटीपांच्या बचावासाठी वेगळी पुस्तिका लिहावी लागली. 1783 मध्ये रोमन चर्चने ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादीत घातला. ही यादी 1966 पर्यंत, म्हणजे चारशे वर्षे चालू होती. युरोपात इतका काळ नेमाने चाललेले ग्रंथपरीक्षणाचे सदर दुसरे नसावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आठवणींचे अमाप पीक आले. हरलेल्या जर्मन सेनापतींनी तलवार ठेवली आणि लेखणी उचलली. त्यांच्या पुस्तकांचे सूत्र सोपे असते: जिंकलेली लढाई आपली, हरलेली हिटलरची. एरिक फॉन मानस्टाइनला 1949 मध्ये हॅम्बुर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयाने युद्धगुन्ह्यांबद्दल 18 वर्षांची शिक्षा दिली. 1953 मध्ये तो सुटला आणि 1955 मध्ये हातून निसटलेल्या विजयांवर त्याचे जाडजूड पुस्तक आले. कोणती डिव्हिजन कोणत्या नदीपलीकडे कधी गेली हे त्यात बारकाईने आहे. त्या वाटेवरच्या गावांतल्या माणसांचे काय झाले, याबद्दल मौन आहे. वाचकांचा ठराविक अभिप्राय असा, की हिटलरने सेनापतींचे ऐकायला हवे होते. ऐकले असते तर युद्ध कोण जिंकले असते, हा पुढचा प्रश्न उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या वर्गाला सहसा पडत नाही.

जिंकलेल्या बाजूलाही हा धंदा ठाऊक होता. चर्चिलने सत्तेबाहेर असताना महायुद्धाचा सहा खंडांचा इतिहास हाती घेतला. माजी सैनिकी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक यांची पगारी फौज टिपणे नि मसुदे पुरवीत असे. 1953 मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. 1943 चा बंगालचा दुष्काळ या सहा खंडांच्या कथनात जवळजवळ येतच नाही. भारतीय वाचक यावर संतापतो, ब्रिटिश वाचकाला भाषेच्या प्रवाहात ते जाणवत नाही, आणि दोघेही पहिल्या खंडानंतर थांबलेले असण्याची शक्यता बरीच असते.

या सगळ्यांत तरबेज आल्बर्ट स्पीअर. हिटलरचा वास्तुरचनाकार आणि पुढे शस्त्रास्त्रमंत्री असलेला हा गृहस्थ 20 वर्षांची शिक्षा भोगून 1966 मध्ये बाहेर आला आणि 1969 मध्ये त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. इतर नाझी ‘आम्ही काही केले नाही’ म्हणत असताना स्पीअरने सर्व गोष्टींची सर्वसाधारण जबाबदारी घेतली आणि कोणत्याही एका गोष्टीची माहिती असल्याचे मात्र नाकारले. वाचक विरघळले. ‘निदान एक तरी प्रामाणिक निघाला’ हे मत देशोदेशी झाले, पुस्तक धो धो खपले, मुलाखतींची रीघ लागली. 6 ऑक्टोबर 1943 रोजी पोझन येथे हिमलरने ज्यूंच्या कत्तलीबद्दल उघड भाषण केले, तेव्हा आपण आधीच निघून गेलो होतो, असे स्पीअर शेवटपर्यंत सांगत राहिला. 1971 मध्येच एका खासगी पत्रात त्याने आपण तिथे हजर होतो असे लिहिले होते. हे पत्र 2007 मध्ये बाहेर आले. तोवर लेखक जाऊन 26 वर्षे झाली होती आणि वाचकांचे मत रुजून त्याहून जास्त.

एवढी मोठी गोष्ट सुटते, म्हणून वाचक निष्काळजी असतो असे समजू नये. गी सायेर या टोपणनावाच्या फ्रेंच लेखकाने जर्मन सैन्यातल्या आपल्या दिवसांवर 1967 मध्ये आठवणी लिहिल्या. आल्सास प्रांतातला हा पोरगा ‘ग्रोसडॉइचलांड’ डिव्हिजनबरोबर रशियात गेला, गोठला, उपाशी राहिला, मित्र गमावून परतला. पुस्तक जगभर गाजले आणि मग वाद पेटला: डिव्हिजनच्या नावाची पट्टी गणवेशाच्या कोणत्या बाहीवर असते? सायेरने डावी लिहिली होती, वस्तुतः ती उजवीवर असे. यावर लेखांना उत्तरे आणि उत्तरांना प्रत्युत्तरे झाली. एका पक्षाच्या मते, जो स्वतःच्या शर्टाची बाही विसरतो तो रशियाला गेलेलाच नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते, उणे 30 अंशात बाही आठवणारा माणूसच संशयास्पद. खुद्द सायेरने आपण संदर्भग्रंथ लिहिला नसून भोगलेले लिहिले, असा खुलासा केला. तो कोणालाच पटला नाही, कारण त्यात डावे-उजवे काही नव्हते.

तज्ज्ञ वाचकांनाही हा दोष लागू आहे, फक्त दिशा उलटी. 1983 मध्ये ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने 93 लाख मार्क मोजून हिटलरच्या साठावर रोजनिशा मिळवल्या. वह्यांच्या वेष्टनांवर ‘ए. एच.’ ऐवजी ‘एफ. एच.’ अशी अक्षरे चिकटवलेली होती. हिटलरच्या अखेरच्या दिवसांवर नामांकित पुस्तक लिहिणारे ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी पाहणी करून त्या खऱ्या ठरवल्या. पुढे पत्रकार परिषदेत ते डळमळले, पण साप्ताहिकाचा अंक निघाला होता. मजकूर बराचसा हिटलरच्या भाषणांच्या छापील संग्रहातून उतरवलेला होता, त्या संग्रहातल्या चुकांसकट. अवघ्या दोन आठवड्यांत जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराने कागद आणि शाई तपासून वह्या बनावट असल्याचे जाहीर केले. बनवणारा कॉनराड कुयाऊ तुरुंगात गेला आणि सुटल्यावर आपली चित्रे ‘अस्सल कुयाऊ नकला’ म्हणून विकू लागला. त्याच्या गिऱ्हाइकांची फसगत झाल्याची तक्रार आढळत नाही.

छळछावणीतून वाचलेल्यांच्या आठवणींना वाचकाने दिलेली वागणूक हा या विषयाचा सर्वांत कडू भाग. प्रिमो लेव्हीचे आउशवित्झवरील पुस्तक इटलीतल्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने परत केले. 1947 मध्ये एका छोट्या प्रकाशकाने 2500 प्रती काढल्या. न खपलेले गठ्ठे फ्लॉरेन्सच्या गोदामात पडून राहिले आणि 1966 च्या पुरात भिजले. लेव्ही रसायनशास्त्रज्ञ होता, मोजके आणि शांतपणे लिहायचा. हृदय पिळवटणारे वाचायला वाचकांना पन्नास वर्षे थांबावे लागले. 1997 च्या आठवणींच्या एका पुस्तकात युद्धकाळात पायी युरोप ओलांडणाऱ्या ज्यू मुलीला चक्क लांडग्यांनी सांभाळले. फ्रान्स आणि इटलीत ते तडाखेबंद खपले, त्यावर चित्रपटही निघाला. 2008 मध्ये लेखिकेने कबूल केले की ती ज्यू नव्हती आणि बेल्जियमबाहेर अशी भटकलीही नव्हती. लांडग्यांना कोणी विचारले नव्हते.

मराठी वाचक या दालनात उशिरा आला असे नाही. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद 1907 मध्ये छापवला, तेव्हा त्याची प्रस्तावना तरुणांनी पाठ केली आणि सरकारने ग्रंथ जप्त केला. वाचक आणि सरकार दोघांनीही पुस्तक लक्षपूर्वक वाचल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. पुढे वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ने पिढ्या जागवल्या. तरीही फुटपाथवरच्या ढिगात हिटलरच्या आत्मकथनाचा अनुवाद हटकून सापडतो, बहुधा ‘यशस्वी कसे व्हाल’ आणि शेअर बाजाराच्या मधोमध. तो वाचून झाल्यावर ‘माणूस वाईट, पण शिस्त बघा!’ हे मत पुढे येते. बर्लिनच्या बंकरमध्ये त्या शिस्तीचे 1945 साली काय झाले, ते शेवटच्या पानापर्यंत छापलेले नसते. पुस्तक 1926 मध्येच पुरे झालेले आहे.

राहता राहिले ते वाचक, ज्यांची नावे कळत नाहीत. 2010 मध्ये अ‍ॅमेझॉनवर ‘इतिहासकार’ अशा टोपणनावाने रशियाच्या इतिहासावरील पुस्तकांवर अभिप्राय आढळले. रेचेल पोलोन्स्की आणि रॉबर्ट सर्व्हिस यांची पुस्तके त्यात झोडपलेली होती, ऑर्लँडो फायजेस यांचे पुस्तक मात्र डोक्यावर घेतलेले होते. शोध घेता हा वाचक खुद्द फायजेस निघाले. आधी वकिलामार्फत इन्कार झाला, मग हे पत्नीने लिहिल्याचे सांगण्यात आले, शेवटी कबुली आली. लेखक, समीक्षक आणि वाचक ही तिन्ही पदे एकाकडेच असल्याने पुस्तकाच्या दर्जाबद्दल मतभेदाला जागा उरली नव्हती. त्याच वर्षी दोन्ही लेखकांना नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च देऊन प्रकरण मिटवण्यात आले.