गाडी देते किती?

जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला आणि नोएडातल्या आमच्या सोसायटीला अचानक पर्यावरणाचा कळवळा आला. दहा लाखांवरच्या गाडीला तेव्हा 10 टक्के कर होता. तो वाचतोय म्हटल्यावर ज्यांनी जन्मात तुळशीला पाणी घातले नव्हते, ते लिफ्टमध्ये कार्बनबद्दल बोलू लागले. त्यांतलाच मी एक. यमुना ओलांडली की दिल्लीत तेव्हा ही सवलत नव्हती. म्हणजे गाडी लखनौच्या कृपेने घ्यायची, दिल्लीत चालवायची आणि हरियाणात उभी करायची, कारण माझे ऑफिस गुडगावात.

कागदावरचा आकडा होता 27.97. ग्रँड विटारा आणि हायरायडर या 2022 साली आलेल्या जुळ्या बहिणी लिटरमागे एवढे किलोमीटर देतात असे प्रमाणपत्र आहे. बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा तो आकडा पाहून बायको म्हणाली, "28 का नाही?" मी तिला शास्त्र समजावले. साधी गाडी हायवेवर जास्त देते आणि शहरात कमी. हायब्रिडचे उलटे. कमी वेगात इंजिन झोपते आणि मोटर गाडी ओढते. ब्रेक लावला की तीच मोटर जनित्र होऊन बॅटरी भरते. सिग्नल, रखडणे, पुन्हा सुटणे, हे सगळे साध्या गाडीचे मरण. हिचे ते खाद्य. मी फोनवर नकाशा उघडला. डीएनडी, आश्रम, धौला कुआँ, सिरहौल, सगळा रस्ता लालभडक. तो लाल रंग पाहून आयुष्यात पहिल्यांदाच लॉटरी लागल्यासारखे वाटले.

मग मी नियम पाठ केले. ब्रेक लवकर आणि हलका लावायचा. करकचून दाबला तर वीज होण्याऐवजी ब्रेकचे पॅड तापतात. सुटताना ॲक्सिलरेटरवर पाय असा, की झोपलेल्या पोराच्या खोलीतून चाललो आहोत. आणि तिसरा नियम, पुढच्या गाडीपासून अंतर राखायचे, म्हणजे न थांबता सरकत राहता येते.

हा तिसरा नियम करणारा कधी आश्रम चौकात आलेला नसणार. दिल्लीत दोन गाड्यांमधली मोकळी जागा म्हणजे बेवारस प्लॉट. मी अंतर ठेवले, तर डावीकडून ई-रिक्षा शिरली, उजवीकडून काळ्या काचांची एसयूव्ही, आणि उरलेल्या कोपऱ्यात जेवण पोचवणाऱ्या पोराने स्कूटर घातली. मी पुन्हा अंतर ठेवले, पुन्हा तिघे आले. अर्ध्या तासाने लक्षात आले, की गाडी पुढे जात असली तरी रांगेत मी मागे मागे चाललो आहे. ज्या शहरात 2019 मध्ये 1,731 अनधिकृत वसाहतींतल्या लोकांना मालकी हक्क देण्याची योजना निघाली, तिथे माझी दहा फुटांची फट कोण सोडणार?

तेवढ्यात शेजारच्या ऑटोवाल्याने काचेवर टकटक केली. "अंकल, बंद हो गई क्या? धक्का लगाऊँ?" मी सांगितले, बंद नाही, इंजिन मुद्दाम बंद आहे. त्याने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सवारीला म्हणाला, "इतनी महंगी गाड़ी, और बंद रखते हैं." लाल दिव्याला इंजिन बंद ठेवा, अशी मोहीम दिल्ली सरकारने 2020 मध्ये काढली होती. 2022 मध्ये तिची फाइल नायब राज्यपालांकडून परत आली. माझी गाडी हेच काम रोज शंभर वेळा करते, एकही फाइल न हलवता.

खरी गोम मात्र नंतर कळली. हळू चालणे वेगळे आणि न चालणे वेगळे. हायब्रिडला लागतो तीस-चाळीसचा संथ, सलग वेग. एनसीआरमध्ये वेग दोनच, शून्य आणि शंभर. आश्रमला शून्य, डीएनडीवर शंभर. मधले आकडे स्पीडोमीटरवर शोभेला छापलेले असतात. (1737 मध्ये बाजीराव दिल्लीतल्या तालकटोऱ्यापर्यंत पोचला याचे आमच्या इतिहासाच्या पुस्तकांना मोठे कौतुक. त्याला वाटेत सिरहौलचा नाका लागला नव्हता.)

शून्यावर काय होते ते ऐका. जून महिना, बाहेर 44 अंश, गाडीत एसी. एसी बॅटरीवर चालतो आणि बॅटरीत मावते जेमतेम पाऊण युनिट वीज. ती उतरली की इंजिन खडबडून उठते आणि जागच्या जागी पेट्रोल जाळून बॅटरी भरू लागते. शून्य किलोमीटरला कितीही लिटरांनी भागा, उत्तर शून्यच. एसी बंद केला तर ॲव्हरेज सुधारते, माणूस बिघडतो. हा प्रयोग मी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी माझ्यापासून ते अंतर राखले, जे रस्त्यावर कोणी राखू देत नव्हते. वर पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे दर लिटरमागचा एखाद-दीड किलोमीटर उसाच्या नाहीतर मक्याच्या शेतात जातो.

गुडगावचे तर विचारू नका. 28 जुलै 2016 च्या पावसात हिरो होंडा चौकात लोक रात्रभर अडकले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लागू केली. जमाव गाड्यांचा होता आणि तो बिचारा पांगण्यासाठीच तर धडपडत होता. त्याच वर्षी शहराचे नाव गुरुग्राम झाले होते. लोकांनी लगेच गुरुजाम केले.

बायको मेट्रोने जाते. बॉटनिकल गार्डनला चढते, हौज खासला बदलते. मेट्रोसुद्धा ब्रेक लावताना वीज तयार करते आणि त्याबद्दल मेट्रोला संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत कार्बन क्रेडिटही मिळाली आहेत, हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितले. तिने विचारले, "मग तिच्या पडद्यावर तुझ्यासारखे आकडे दिसतात का?" दिसत नाहीत. तिथे काय मजा?

गेल्या नोव्हेंबरात मात्र मला मार्ग सापडला. हवा इतकी बिघडलेली, की नाकात शेकोटी. पहाटे डीएनडी उतरलो तर पुढे टँकर, धूळ बसवायला पाणी फवारणारा. तो वीसच्या पुढे जात नाही. मधे थांबत नाही. आणि भिजण्याच्या भीतीने त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत ई-रिक्षा शिरत नाही, एसयूव्ही शिरत नाही, स्कूटरवाला पोरगा तर अजिबात नाही. मी त्याच्या मागे लागलो. इंजिन दोनदाच जागे झाले. पडद्यावर आकडा चढत गेला, 24, 26, 28, आणि शेवटी 29.3. प्रमाणपत्राच्याही वर! टँकर कालिंदी कुंजकडे वळला, मीही वळलो. ऑफिस उलट दिशेला आहे हे आठवले तेव्हा साडेआठ वाजले होते.

टँकर स्वतः डिझेलवर चालतो आणि चांगला काळा धूर सोडतो. पण धूर बसवायचे पाणी त्याच्यापाशीच असल्यामुळे तो प्रश्न त्याचा त्याने सोडवलेला आहे.

तेव्हापासून मी रोज सव्वापाचला निघतो. टँकर कधी भेटतो, कधी नाही; त्याचे वेळापत्रक कोणी सांगत नाही. वाचकांपैकी कोणाला आश्रम ते धौला कुआँ या पट्ट्यात तो किती वाजता सुटतो हे ठाऊक असेल, तर कृपया कळवावे. गुडगावपर्यंत जाणारा असल्यास उत्तम.